मोबाइलच्या पडद्यावरील पोटहिस्से

शेतकऱ्याचें पुष्कळसें काम हल्लीं चावडीवरून व कचेरींतून निघून त्याच्या हातांतील मोबाइलच्या पडद्यावर आलें आहे. सात-बाराचा उतारा, पीकपाहणीची नोंद, पीकविम्याचा अर्ज, बाजारभाव, हवामानाचा इशारा, या सर्वांसाठीं निरनिराळीं ॲप्स झालीं आहेत व आणखी होत आहेत. त्यांविषयीं गांवोगांवीं जी चर्चा होते, ती बहुतेक रेंज मिळते कीं नाहीं व फोन केवढ्याला पडतो, या दोन प्रश्नांपाशींच थांबते. पडद्यावर कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या पोटांत ठेविली आहे, व ती तशी कां ठेविली, या तिसऱ्या प्रश्नाकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. आमचे मतें हा तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंइतकाच महत्त्वाचा आहे. रेंज आज नाहीं तर उद्यां येईल. परंतु मांडणी एकदां वेडीवांकडी बसली म्हणजे ती वर्षानुवर्षें तशीच राहते, आणि तिचा भुर्दंड अखेरीस पेरणी करणाऱ्यास पडतो. म्हणून या विषयाचा थोडा विचार वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम मांडणी म्हणजे काय तें पाहूं. पडद्यावर जे मथळे, चित्रें, रकाने व बटणें दिसतात, तीं खळ्यावर धान्य पसरावें तशीं मोकळीं पसरलेलीं नसतात. सर्व पडदा व्यापणारी एक मोठी चौकट असते. तिच्या पोटांत दोन-चार लहान चौकटी. त्यांच्या पोटांत आणखी लहान. आणि अगदीं शेवटीं एकटें बटण किंवा एकटी ओळ. जी चौकट दुसरीस पोटांत घेते तिला सॉफ्टवेअरचे कारागीर 'पालक' म्हणतात व आंतलीला 'अपत्य' म्हणतात. आमच्या वाचकांस समजण्यास याहून सोपा शब्द आपल्या घरांतच आहे. तो म्हणजे पोटहिस्सा. सबंध पडदा हा एक सर्व्हे नंबर समजावा. त्याचें क्षेत्र ठरलेलें असतें. त्याचे हिस्से पडतात व हिस्स्यांचे पोटहिस्से पडतात. परंतु सर्वांचें क्षेत्र मिळून मूळ नंबराच्या क्षेत्राबाहेर जात नाहीं. संगणकशास्त्रांत या रचनेस वृक्ष म्हणतात. मात्र हा वृक्ष गीतेच्या पंधराव्या अध्यायांतील अश्वत्थाप्रमाणें मूळ वर व शाखा खालीं असा आहे.

ही कल्पना एका दिवसांत निघालेली नाहीं. ता. ९ डिसेंबर १९६८ रोजीं अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथें डग्लस एंगलबार्ट यांनीं, पडद्याचे भाग पाडून व 'माउस' नांवाच्या लहानशा यंत्रानें निर्देश करून काम कसें करतां येतें, याचें प्रात्यक्षिक दाखविलें. पुढें झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत १९७३ सालीं 'आल्टो' हें यंत्र तयार झालें. त्याच कंपनीचें 'स्टार' १९८१ सालीं विक्रीस आलें. आणि १९८४ सालीं ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉशनें खिडक्या व उतरत्या याद्या सामान्य गिऱ्हाइकापर्यंत नेल्या. त्याच १९८४ सालीं एम. आय. टी. या अमेरिकन विद्यापीठांत 'एक्स' नांवाची पद्धत निघाली. तींत सर्व पडदा व्यापणाऱ्या खिडकीस 'मूळ खिडकी' असेंच नांव दिलेलें असून बाकीच्या साऱ्या खिडक्या तिची संतति मानल्या आहेत. आज खेड्यांतील बहुतेक फोन ज्या अँड्रॉइड पद्धतीवर चालतात, तींतही हीच वंशावळ आहे.

या वंशावळीपासून तीन गोष्टी ठरतात. पहिली जागेची वांटणी. अँड्रॉइडमध्यें पडदा रंगविण्यापूर्वीं दोन फेऱ्या होतात. पहिल्या फेरींत प्रत्येक पालक आपल्या अपत्यांस, तुम्हांस किती जागा लागेल, असें विचारतो; दुसऱ्या फेरींत ज्याची त्याची जागा नेमून देतो. मोजणी आधीं व वांटप मागून, हा भूमापनाचाच क्रम होय. दुसरी गोष्ट अशी कीं, वरच्याची दशा खालच्यास लागते. पालक चौकट झांकली म्हणजे तिच्या पोटांतील प्रत्येक बटण झांकलें जातें, मग तें कितीही गरजेचें असो. तिसरी गोष्ट बोटाच्या स्पर्शाची. बटणावर बोट टेकलें कीं तो स्पर्श प्रथम मुळाशीं कळतो. तेथून पायरीपायरीनें खालीं उतरत बटणापर्यंत जातो. वाटेंत एखादा पालक त्यास स्वतःकडे अडवून ठेवूं शकतो. आणि बटणानें तो स्वीकारला नाहीं तर तो पुन्हां वर परततो. जिल्ह्याला दिलेला अर्ज तालुक्यावरून चौकशीसाठीं गांवीं उतरावा, आणि गांवच्या अधिकारांतला नसल्यास शेरा होऊन तसाच वर जावा, त्यांतलाच हा प्रकार आहे. तेव्हां कोणास कोणाच्या पोटांत घातलें, ही बाब केवळ शोभेची नाहीं. काय दिसावें, किती जागेंत दिसावें व कोणाचें ऐकिलें जावें, हें सारें तिच्यावर अवलंबून आहे.

आतांपर्यंत एका पडद्याचें झालें. याच वृक्षाचा दुसरा व मोठा विस्तार म्हणजे एकामागून एक उघडणारे पडदे. पहिल्या पानावर पांच-सहा बटणें. त्यांपैकीं एक दाबलें कीं त्याच्या पोटांतील यादी. त्या यादींतील एक ओळ दाबली कीं तिच्या पोटांतील आणखी यादी. या ठिकाणीं शेतकऱ्याची खरी अडचण सुरू होते. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमचें आयुष्य गेलें असल्यामुळें येथें दप्तराचा दाखला देतों.

'सात-बारा' हें नांवच पाहावें. गांवच्या दप्तराचे १ ते २१ असे नमुने ठरलेले; त्यांतील सातवा हक्कांचा व बारावा पिकांचा. खातेवही ८-अ मध्यें व फेरफाराची नोंदवही ६ मध्यें. शेतकऱ्याच्या मनांत शेत एकच असतें. कचेरीनें त्याचे चार ठिकाणीं चार कागद केले, आणि शेतकऱ्यानें कचेरीचे आंकडे पाठ केले. तथापि पूर्वीं ही वाट ठाऊक नसली तरी फारसें अडत नसे. तो चावडीवर येऊन, "भाऊसाहेब, ओढ्याकाठच्या रानाचा उतारा पाहिजे," एवढेंच म्हणे. नमुना कोणता व गठ्ठा कोणता, हें कारकुनाच्या डोक्यांत असे. आज तेंच कपाट उघडें करून शेतकऱ्यापुढें ठेविलें आहे, ही मोठीच सुधारणा होय व तिचें आम्ही मनापासून स्वागत करतों. परंतु कपाटावरील चिठ्ठ्या कारकुनाच्याच भाषेंत राहिल्या. कारकून मधून गेला आणि त्याची विद्या शेतकऱ्याच्या माथीं आली. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, पडद्यावरील वृक्ष शेताच्या क्रमानें लावावा. खात्यांच्या क्रमानें लावूं नये.

एक उदाहरण घेऊं. महाभूलेखाच्या संकेतस्थळावर पुष्कळ वर्षें उतारा पाहण्यासाठीं प्रथम महसुली विभाग निवडावा लागे व मग जिल्हा, तालुका, गांव आणि गट, असें खालीं उतरावें लागे. राज्यांत विभाग सहा व जिल्हे छत्तीस. धुळ्याच्या शेतकऱ्यास आपला जिल्हा झोपेंतही सांगतां येईल. परंतु तो नाशिक विभागांत मोडतो, हें सांगण्याचा प्रसंग त्याच्यावर जन्मांत किती वेळां येतो? शिवाय कोणताही जिल्हा दोन विभागांत नसल्यामुळें जिल्हा कळला कीं विभाग आपोआप कळतो. ही पायरी कचेरीच्या सोयीची आहे. शेतकऱ्यास तिचा उपयोग नाहीं. जें खालच्या उत्तरावरून निघतें तें वर विचारूं नये, हा मांडणीचा पहिला नियम असावा.

याच्या उलट ई-पीक पाहणीचें ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालें, तेव्हां त्यांतील पीक नोंदविण्याचा क्रम आम्हांस पसंत पडला. प्रथम खातें, मग गट, मग हंगाम, मग पीक निर्भेळ कीं मिश्र, मग पिकाचें नांव व क्षेत्र, त्यानंतर सिंचनाचें साधन, लागवडीची तारीख, आणि शेवटीं शेतांत उभें राहून काढलेलें छायाचित्र. हा क्रम बराचसा नमुना बाराच्या रकान्यांवरूनच आलेला आहे. परंतु नमुना बारा हा मुळांतच बांधावर उभें राहून भरावयाचा कागद असल्यामुळें त्याचा क्रम रान पाहणाऱ्याच्या नजरेचा क्रम आहे. कचेरींतील सर्वच मांडणी वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. जी बांधावर जन्मली ती पडद्यावरही चालते, आणि जी केवळ टेबलावर जन्मली ती अडखळते.

उलट मांडणी किती नडते, याची कल्पना करून पाहावी. समजा, एखाद्या ॲपमध्यें गुलाबी बोंडअळीचा सल्ला 'विभाग', त्याखालीं 'वनस्पति संरक्षण', त्याखालीं 'प्रकाशनें', त्याखालीं 'वर्ष' अशा चार पायऱ्यांच्या तळाशीं ठेविला आहे. कपाशीच्या रानांत किडकें बोंड हातांत घेऊन उभा असलेला शेतकरी 'प्रकाशनें' या शब्दाशीं कशाला जाईल? तो 'कापूस' शोधील, मग 'फुलें-बोंडें', मग 'अळी'. माहिती ॲपमध्यें आहे, शेतकरीही ॲपमध्यें आहे, आणि दोघांची गांठ पडत नाहीं. पीकपाहणीच्या बाबतींत तर मुदतीचा प्रश्न असतो. नोंद राहून गेली तर अतिवृष्टीच्या मदतीपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत अडचण पोहोंचते. एक बटण कोठें ठेविलें, यावर एका हंगामाचा पैसा अडकूं शकतो, असें म्हटल्यास तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

वृक्षरचनेचा एक अंगभूत दोषही येथें सांगितला पाहिजे. वृक्षांत प्रत्येक अपत्यास पालक एकच. शेतांत मात्र एक वस्तु दोन घरांची असते. विहीर ही पाण्याच्याही यादींत हवी व कर्जाच्याही. कपाशींतील तूर कपाशीखालीं शोधावी कीं कडधान्याखालीं? दप्तरानें या दोषावर फार पूर्वीं तोड काढून ठेविली आहे. सातव्या नमुन्यावर नांवाजवळ वर्तुळांत फेरफाराचा क्रमांक लिहितात. तो पाहिला कीं सहाव्या नमुन्यांतील नेमकी नोंद काढतां येते. कागद आपल्या जागेवरच राहतो, फक्त दुसऱ्या जागेहून त्याच्याकडे वाट करून दिलेली असते. ॲपमध्येंही असेंच असावें. वस्तु एका ठिकाणीं ठेवावी, पण जेथें जेथें शेतकरी ती शोधील तेथें तेथें तिच्याकडे नेणारी खूण ठेवावी, आणि सर्वांच्या वर बोलून किंवा लिहून शोधण्याची एक जागा असावी. त्या शोधांत शासकीय नांवांबरोबर गांवची नांवेंही चालावींत. 'भुईमूग' लिहिणाऱ्यास उत्तर मिळावें व 'शेंगा' लिहिणाऱ्यासही मिळावें.

पोटहिस्स्यांची गोष्ट निघाली आहे तर तुकड्यांविषयींही लिहिणें प्राप्त आहे. जमिनीचे हिस्से पडतां पडतां इतके लहान झाले कीं त्यांत औत वळेना. म्हणून १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानें 'प्रमाणभूत क्षेत्र' ठरविलें व त्याहून लहान तो तुकडा मानला. पडद्यावरही हेंच घडतें. प्रत्येक खात्याचा आग्रह कीं आपलें बटण पहिल्या पानावर असावें; परिणामीं पानाचे तुकडे पडतात, आणि खुरपें-नांगर धरून राठ झालेलें बोट एका बटणावर ठेवावें तों शेजारचें दाबलें जातें. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनांत स्पर्शाच्या जागेची प्रत्येक बाजू निदान ४८ मापांची, म्हणजे प्रत्यक्षांत सुमारें ९ मिलिमीटर, असावी असें सांगितलें आहे. पडद्याचें प्रमाणभूत क्षेत्र हेंच समजावें. त्याहून लहान बटण हा तुकडा होय, व त्याचें एकत्रीकरण झालें पाहिजे.

याच्या उलट टोकाचा दोष म्हणजे थरावर थर. चौकटींत चौकट घालीत गेल्यास मोजणीची फेरी लांबते व हलक्या किंमतीचा फोन मंद चालतो. अँड्रॉइडच्या कारागिरांस मिळणाऱ्या तपासणीच्या साधनांत दहाहून अधिक थर झाल्यास इशारा देण्याची सोय आहे. तो इशारा यंत्रासाठीं आहे; माणसासाठीं दहा थर फारच झाले. आमचे मतें शेतकऱ्याचें नेहमींचें काम पहिल्या पानापासून तीन पायऱ्यांच्या आंत यावें.

आणखी एका वर्गाची आठवण करून देणें आमचें कर्तव्य आहे. ज्यांस दिसत नाहीं, त्यांच्यासाठीं अँड्रॉइडमध्यें 'टॉकबॅक' नांवाची सोय असून ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखविते. हें वाचन मुख्यतः वृक्षाच्या क्रमानें चालतें. रकान्याचें नांव एका चौकटींत व रकाना भलत्याच चौकटींत ठेविला असेल, तर डोळस माणूस शेजार पाहून निभावून नेतो. ऐकणाऱ्यास मात्र नांव एकीकडे व रकाना दुसरीकडे, असें ऐकूं येतें. मांडणी सरळ आहे कीं नाहीं हें पाहण्याची ही उत्तम कसोटी आहे. डोळे मिटून ऐकतांना जी समजते, ती उघड्या डोळ्यांनीं खचितच समजेल.

या सर्वांवर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, खात्यांचा क्रम मोडल्यास हिशेब व जबाबदारी यांचा घोटाळा होईल. याचें उत्तर दप्तरखान्यांतच आहे. तेथें कागद अ, ब, क, ड अशा वर्गांनीं, म्हणजे कायमचे, तीस वर्षांचे, दहा वर्षांचे व एका वर्षाचे, असे ठेवितात. ही वर्गवारी ठेवणाऱ्यासाठीं आहे व ती योग्यच आहे, परंतु नक्कल मागण्यास आलेल्या माणसास, "तुमचा कागद ब वर्गांतला कीं क वर्गांतला?" असें कोणी विचारीत नसे. ठेवण्याचा क्रम एक व दाखविण्याचा क्रम दुसरा असूं शकतो. संगणकांत तर हें कागदाहून सोपें आहे. कारण तेथें माहिती एकदांच साठवून हव्या त्या क्रमानें दाखवितां येते.

दुसरा आक्षेप असा कीं, संवय झाली म्हणजे शेतकरी कोणतीही मांडणी शिकेल. कचेरींतील माणसास हें लागू पडतें; तो तेच पडदे रोज पाहतो. शेतकऱ्याचा पीकपाहणीशीं संबंध हंगामांत एकदां, म्हणजे वर्षांतून दोन-तीनदां येतो. इतक्या अंतरानें भेटणाऱ्या गोष्टीची संवय होत नाहीं. प्रत्येक वेळीं ती नवीच असते. त्यांतून मध्यंतरीं ॲपची नवी आवृत्ति आली व बटणें इकडचीं तिकडे झालीं, म्हणजे मागचें शिकलेलेंही वायां जातें. म्हणून हंगाम चालू असतां मांडणी बदलूं नये, अशी आमची स्वतंत्र सूचना आहे. उभ्या पिकांत बांध हलवूं नये, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. तें कारागिरांसही सांगावें लागूं नये.

आतां आपल्या मंडळींनीं काय करावें? केवळ तक्रार करून भागणार नाहीं. आम्हांस दोन उपाय सुचतात व दोहोंसही खर्च जवळजवळ नाहीं. पहिला उपाय चिठ्ठ्यांचा. ॲपमधील प्रत्येक कामाचें नांव एकेका चिठ्ठीवर लिहून त्या चिठ्ठ्या शेतकऱ्यांपुढें ठेवाव्या व, "यांतलें कोणतें कोणाबरोबर ठेवाल?" एवढेंच विचारावें. जे ढीग पडतील तीच शेतकऱ्याच्या मनांतील वंशावळ. सॉफ्टवेअरचे कारागीरही ही रीत वापरतात. दुसरा उपाय पाहणीचा. हंगामापूर्वीं पांच खातेदारांस एकेकटें बोलवावें. त्यांत एक स्त्री-खातेदार व एक वृद्ध अवश्य असावा. हातांत फोन देऊन, "या गटांतली तूर नोंदवा," असें सांगावें व आपण गप्प बसावें. कोठें बोट थबकतें, कोठून माणूस परत फिरतो, हें लिहून घ्यावें. पांचच कां, असें कोणी विचारील. जेकब नील्सन या तज्ज्ञांनीं २००० सालीं असें प्रतिपादिलें कीं, मांडणींतील बहुतेक मोठे दोष पांच माणसांच्या पाहणींत उघडे होतात. मदत करण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. कारण आपण बोट दाखविलें कीं जुना कारकून पुन्हां मध्यें आला व दोष झांकला गेला.

येणेंप्रमाणें झालेल्या टिपणाची एक प्रत ॲप चालविणाऱ्या खात्याकडे लेखी पाठवावी व एक प्रत संघाच्या दप्तरीं ठेवावी. दहा तालुक्यांतून एकाच बटणाविषयीं एकच गोष्ट लिहून आली, तर ती कोणासही बाजूस सारतां येणार नाहीं. जमिनीच्या मोजणीच्या वेळीं शेतकरी हद्दीवर हजर राहतो, कारण खुणा एकदां बसल्या म्हणजे हलविणें कठीण, हें तो जाणतो. पडद्याच्या हद्दी आज पडत आहेत. त्या पडतांना आपण हजर असावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.